घेवडा म्हणजे नेमका कोणता? एका शेंगेच्या नावांचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला आणि एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, तत्त्वज्ञान संपलं वाटतं? आता भाजीपाला?" आम्ही म्हटलं, संपलेलं नाही, पण ते मंडईत कुठे भेटतं ते या खेपेला दाखवायचं आहे. शिवाय या विषयात आमची स्वतःची एक जुनी चूक आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी चाललं आहे ते कळेल.

साल १९७९. आम्ही तेव्हा अंधेरीला राहत होतो आणि नुकतीच आम्हाला डॉक्टरेट मिळाली होती. आमची आई आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास पाळायची. तिच्यापाशी व्रतवैकल्यांचं एक जुनं, पानं सुटलेलं पुस्तक होतं. त्यात चातुर्मासात वर्ज्य पदार्थांची यादी होती. अशी यादी आजही काही पंचांगांत छापलेली सापडते. त्यात मसूर असतो, वांगं असतं, पांढरे पावटे असतात, चवळी असते आणि घेवडा असतो. आई हे सगळं सोडायची. मात्र फरसबीची भाजी, वरून ओलं खोबरं घातलेली, ती आनंदाने खायची. फरसबीचं नाव यादीत नव्हतंच.

त्या वर्षी वडिलांनी बाजारातून पिशवी आणली आणि सहज म्हणाले, "श्रावणघेवडा चांगला कोवळा मिळाला." आईचा हात थांबला. तिने आम्हाला हाक मारली. "अरे, तू एवढा डॉक्टर झालास ना? मग सांग, हा घेवडा की फरसबी? चालतो की नाही?" आम्ही पुस्तकातून मान वर न करता उत्तर दिलं, "आई, नाव बदललं म्हणून वस्तू बदलत नाही. फरसबी म्हणजेच श्रावणघेवडा. म्हणजे घेवडाच." आई एवढंच म्हणाली, "मग नको." आणि त्यानंतर दर चातुर्मासात तिने ती भाजी सोडली.

आता या उत्तरात चूक काय? नाव बदललं तरी वस्तू तीच राहते, हे बरोबर आहे. पण त्यातून आम्ही गुपचूप उलटं विधान काढलं होतं, की नाव तेच असेल तर वस्तूही तीच असते. ते मात्र निघत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अशी चूक केली असती तर आम्ही गुण कापले असते. पण ही चूक एकट्या आमची नाही. या शेंगेच्या बाबतीत गेली पाचशे वर्षं जगभर मोठमोठ्या माणसांनी ती केली आहे. तोच आजचा इतिहास.

आधी आपल्या उपनगरांतल्या बाजारात एक फेरी मारू. अंधेरीला किंवा बोरिवलीला भाजीवालीकडे बोट दाखवलंत तर ती म्हणेल फरसबी. पुण्या-साताऱ्याकडून आलेलं माणूस म्हणेल श्रावणघेवडा. घाटकोपरला आणि मुलुंडला गुजराती शेजारीण म्हणेल फणसी, आणि त्या फणसीचा फणसाशी काही संबंध नाही. मल्याळी आणि तमिळ कुटुंबांत नुसतं बीन्स. कन्नड घरात हुरुळीकायी, आणि कन्नडमध्ये हुरुळी म्हणजे आपला हुलगा. म्हणजे हुलग्याची नसलेली शेंग हुलग्याच्या नावाने विकली जाते. आणि हीच शेंग वेलावर वाळू दिली, दाणा पक्का झाला, की पंजाबी शेजारी त्याला म्हणणार राजमा. कोवळेपणी फरसबी आणि पिकल्यावर राजमा. जात एकच. कोवळ्या शेंगांसाठीचे वाण वेगळे आणि दाण्यासाठीचे वेगळे, एवढाच काय तो फरक.

ही जात कोणती, ते ओळखायला फूल हातात घ्यावं. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस. पान तीन पर्णिकांचं. काही वाण झुडपासारखे बुटके, काहींचा वेल आधाराभोवती चढतो आणि चढताना, वरून पाहिलं तर, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. फुलाची मागची पाकळी झेंड्यासारखी, बाजूच्या दोन पंखांसारख्या आणि खालच्या दोन जुळून होडीसारख्या. वाटाणा, मूग, वाल या सगळ्यांत अशीच रचना असते. पण फॅसिओलसमध्ये ही होडी शंखासारखी पिळलेली असते. वालाच्या फुलात ती काटकोनात वाकते, पिळत नाही. ही खूण लक्षात ठेवा.

फूल मिळालं नाही तर दाणा पाहा. वालाच्या दाण्याच्या कडेला पांढरी ठसठशीत रेघ असते. चवळीच्या दाण्याला काळा किंवा तपकिरी डोळा असतो. राजम्याचा दाणा मूत्रपिंडाच्या आकाराचा आणि मध्ये छोटासा व्रण, बस्स. स्वयंपाकघरातल्या बायकांना हे तिन्ही दाणे अंधारातही वेगळे कळतात. घोळ आमच्यासारख्या नुसती नावं वाचणाऱ्यांचा होतो.

आणखी एक गोष्ट. या झाडाचं परागण बहुतेक वेळा फुलाच्या आतल्या आतच होतं. त्यामुळे मूठभर दाणे कुठेही नेले तरी पुढच्या पिढ्या तशाच निघतात. याच गुणामुळे १९०३ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेन यांनी घेवड्याचे दाणे तोलून शुद्ध वाणाची कल्पना मांडली, आणि १९०९ मध्ये 'जीन' हा शब्द त्यांनीच रूढ केला. आणि याच गुणामुळे खलाशाच्या पिशवीतून हे बी समुद्र ओलांडून गेलं तरी बदललं नाही. बदललं ते नाव.

या झाडाचं घर अमेरिका खंड. मेक्सिकोकडे आणि दक्षिणेत अँडीज पर्वताकडे, अशा दोन ठिकाणी माणसाने ते हजारो वर्षांपूर्वी वेगवेगळं लागवडीत आणलं. तिथे त्याला स्वतःची नावं होती. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत एत्ल, अँडीजमधल्या केचुआ भाषेत पुरुतु. १४९२ च्या नोव्हेंबरात कोलंबस क्युबात होता. त्याच्या रोजनिशीत तिथल्या शेतातल्या शेंगांची नोंद आहे. शेंगा आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत असं तो म्हणतो, पण नाव मात्र आपल्याकडचंच देतो.

हे 'आपल्याकडचं' नाव कुठलं? ग्रीक फॅसेलोस, लॅटिन फॅसेलुस. रोमन कवी व्हर्जिलच्या शेतीविषयक काव्यात हा शब्द येतो. व्हर्जिल इसवी सनापूर्वीचा. त्याने अमेरिकेतली शेंग पाहिली असणं शक्यच नाही. त्याचा फॅसेलुस म्हणजे चवळी. चवळी मूळची आफ्रिकेतली आणि युरोपात प्राचीन काळापासून माहीत असलेली. अमेरिकेतून नवी शेंग आली, दिसायला साधारण तशीच, उत्पन्न जास्त. युरोपीय शेतकऱ्याने चवळीचं नाव काढून तिला देऊन टाकलं. पुढे पुढे चवळी मागे पडली आणि नाव पाहुणीकडेच राहिलं.

मग आले लिनियस. १७५३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हेच नाव शास्त्रीय केलं, फॅसिओलस व्हल्गॅरिस. आणि वसतिस्थान काय लिहिलं? इंडिया. प्राचीन पुस्तकांत नाव सापडतं, म्हणजे झाड पूर्वेकडचं जुनंच असणार, अशी तेव्हाची समजूत होती. नाव तेच म्हणून वस्तू तीच! आमचं १९७९ चं उत्तर आणि हे, जातकुळी एकच.

याच फॅसिओलसमध्ये त्यांनी आपला मूग आणि उडीदही घातले. त्यातला एक गोंधळ तर आजवर निस्तरलेला नाही. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य, ज्याच्याकडे काही काळ आपलं मुंबई बेट खंडाने होतं, त्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात 'मुंगो'वर एक संवाद लिहिला आहे. मुंगो म्हणजे मूग. हा शब्द युरोपात गेला, पण शास्त्रीय नाव देताना तो चिकटला उडदाला. विसाव्या शतकात, १९५० च्या दशकात, मूग आणि उडीद फॅसिओलसमधून काढून चवळीच्या व्हिग्ना या प्रजातीत नेले, तरी उडदाचं नाव व्हिग्ना मुंगोच राहिलं. शास्त्रज्ञांना हे माहीत आहे. पण नियमाप्रमाणे एकदा दिलेलं नाव असं सहजी काढून घेता येत नाही. तेव्हा घोळ फक्त पंचांगातच होतो असं कुणी समजू नये.

लिनियसचा 'इंडिया' खोडायला सव्वाशे वर्षं लागली. पेरूमध्ये लिमाजवळ आंकोन इथल्या जुन्या थडग्यांमध्ये या शेंगेचे दाणे सापडले. १८८० च्या सुमारास विटमाक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ते ओळखले. जवळपास त्याच वेळी आल्फोंस द कांदोल यांनी लागवडीतल्या वनस्पतींच्या मुळाबद्दल ग्रंथ लिहिला आणि या शेंगेच्या आशियाई मुळाबद्दल उघड शंका घेतली. शब्दाने दिलेली साक्ष दाण्याने खोटी ठरवली.

आता आपल्याकडे येऊ. साष्टी बेट, म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ज्यावर वसली ते बेट, १५३४ पासून जवळजवळ दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होतं. अमेरिकेतली किती पिकं याच किनाऱ्याने आत आली! आणि त्यांची नावं बघा. अननस हे नाव दक्षिण अमेरिकेतलं. काजू तिथलंच. बटाटा कॅरिबियन बेटांवरचं. ही पिकं आपलं नाव सोबत घेऊन आली, कारण अननसासारखं इथे काही नव्हतंच. मिरचीचं मात्र तसं झालं नाही. तिखट लागते ना, मग मिरीवरून मिरची. शेंगेचंही हेच झालं. इथे वाल होता, पावटा होता, चवळी होती, गवार होती. शेंग म्हणजे काय हे इथे कुणाला शिकवायची गरज नव्हती. म्हणून एत्ल किंवा पुरुतु समुद्रातच राहिले आणि पाहुणीला घरातलीच नावं मिळाली.

त्यातलं फरसबी हे नाव इंग्रजीतल्या 'फ्रेंच बीन'चं आपल्या जिभेवर बसलेलं रूप. म्हणजे झाड अमेरिकेचं, इंग्रजांनी त्याला फ्रेंच म्हटलं आणि आपण फरसबी. तीन देशांचा प्रवास, आणि भाजी मात्र आपल्याला वाटते घरची.

आणि घेवडा? जुना घेवडा म्हणजे वालाच्या कुळातली चपटी शेंग, शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरियस. या वेलाचे पारंपरिक वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. पावसाळ्यात नुसता वेल माजतो आणि शेंग येते ती थंडीत. रायगडात भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल पेरतात. जानेवारीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगांची पोपटी लावतात, ती खायला उपनगरांतली मंडळी मुद्दाम अलिबागकडे जातात. उलट नव्या शेंगेचे बरेच वाण दिवसाच्या लांबीकडे बघत नाहीत. मृगाच्या पावसावर घाटावर पेरले की पन्नास-साठ दिवसांत, म्हणजे श्रावणाच्या सुमारास, शेंगा तयार. तेव्हा 'श्रावण' या विशेषणात एक जुना भेद जपलेला आहे, असं आम्हाला वाटतं. हा घेवडा श्रावणातला, तो दुसरा थंडीतला. आम्ही आईला उत्तर देताना हे विशेषण गाळून टाकलं आणि 'घेवडाच' म्हणून मोकळे झालो. घाई झाली ती इथे.

आता राजमा. संस्कृतात राजमाष हा शब्द आहे. चरकसंहितेत धान्यांच्या वर्गात तो येतो. माष म्हणजे उडीद, राजमाष म्हणजे मोठा उडीद. पण चरकाच्या काळी अमेरिकेतला दाणा इथे असणं शक्य नाही. भावप्रकाशात राजमाषाच्या पर्यायांत 'चपल' हा शब्द आहे, आणि आपली चवळी त्याच्या जवळच उभी आहे. म्हणजे राजमाष ही चवळी. नवा दाणा आला आणि राजमाषाचं नाव राजमा होऊन त्याच्याकडे गेलं. गंमत पाहा, लॅटिनमध्ये चवळीचं नाव याच पाहुणीने घेतलं आणि संस्कृतातही चवळीचंच. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच वाटेने गेल्या.

याचं आजचं टोक सातारा जिल्ह्यात कोरेगावला आहे. तिथला वाघ्या घेवडा, लालसर अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोरेगावात तो घेवडा. तोच दाणा ट्रकमधून उत्तरेला गेला की राजमा. तिथे आता घेवडा म्हटलं की हाच आठवतो, वाल नव्हे. नाव पूर्ण सरकलं. दोनशे वर्षांनी तिथला कुणी जुनी यादी वाचेल तर त्याला आमच्यासारखीच शंकासुद्धा येणार नाही.

मग अशा वेळी शब्दाचा अर्थ ठरवायचा कसा? आपल्या परंपरेत याचा विचार झालेला आहे. न्यायसूत्रांत प्रश्न आहे, शब्द कशाचा वाचक? समोरच्या व्यक्तीचा, आकृतीचा की जातीचा? उत्तर असं की तिन्हींचा, प्रसंगी एक प्रधान. भाजीवाली आकृती पाहते: लांब, हिरवी, शेंग, म्हणजे घेवडा. वनस्पतिशास्त्र जात पाहतं. आणि व्रत करणारी बाई? तिला हवं असतं ते यादी करणाऱ्याच्या मनात काय होतं ते.

मीमांसेत, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, अगदी असाच वाद आहे. 'यव' हा शब्द काही लोक सातूसाठी वापरतात, काही प्रियंगू नावाच्या दुसऱ्या धान्यासाठी. यज्ञाला कोणता घ्यायचा? शबरस्वामींच्या भाष्यात याचा निकाल बाजारातल्या वापरावरून होत नाही. ज्या शास्त्रात तो शब्द आलेला आहे तिथेच दुसरीकडे म्हटलं आहे की बाकीच्या वनस्पती सुकतात तेव्हा यव टवटवीत उभे असतात. ते वर्णन सातूला लागू पडतं, म्हणून यव म्हणजे सातू. थोडक्यात, जुन्या वाक्यातला शब्द जुन्या वाक्याच्या शेजारीच वाचायचा. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत चातुर्मासाच्या संदर्भात निष्पाव आणि राजमाष हे शब्द येतात. निष्पाव म्हणजे वाल-पावट्याचं कूळ, राजमाष म्हणजे चवळी. अमेरिकेतली शेंग त्या शब्दांत बसत नाही. आम्ही काही धर्मनिर्णय देणारे नाही, कुणी काय सोडावं हे ज्याचं त्याने ठरवावं. पण त्या शब्दांचा इतिहास हा असा आहे. आज कुणी राजमाष वर्ज्य म्हणून राजमा सोडत असेल आणि चवळीची उसळ खात असेल, तर नाव पाळलं जातं आणि वस्तू निसटते.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आमच्याच घरचा दुसरा प्रसंग ऐका. निवृत्तीनंतर आम्हाला कडधान्यांना मोड आणून खायचा नाद लागला. मूग झाला, मटकी झाली. मग वाटलं, राजमाही कडधान्यच, त्यालाही मोड येतात, तोही कच्चाच खाऊ. दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या आणि पुढचा दिवस आडवं पडून काढला. राजम्याच्या कच्च्या दाण्यात एक विषारी प्रथिन असतं. चार-पाच दाणेसुद्धा त्रास द्यायला पुरतात. मंद आचेवर अर्धवट शिजला तर ते वाढूही शकतं. म्हणून राजमा निदान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावं आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळून पूर्ण शिजवावा. मूग आणि राजमा एकाच डब्यात, एकाच नावाखाली ठेवले म्हणून त्यांचे गुण एक होत नाहीत. 'कडधान्य' या शब्दावर आम्ही विश्वास टाकला होता, दाण्याची चौकशी केली नव्हती. चूक तीच, फक्त या वेळी पोटाने ती लगेच दाखवली.

आईच्या बाबतीत दाखवायला पंचवीस वर्षं लागली. हा सगळा इतिहास आमच्या वाचनात आला तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. श्रावण महिनाच चालू होता. आम्ही तिच्याजवळ बसलो आणि सांगितलं, "आई, तेव्हा मी चुकीचं बोललो. यादीतला घेवडा वेगळा. फरसबी त्यातली नाहीच, ती परदेशातून आलेली आहे." तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि चवळी?" आम्ही म्हणालो, "चवळी मात्र यादीतलीच." "मग ती सोडली ते बरोबर होतं म्हणायचं," ती म्हणाली. आम्ही विचारलं, उद्या फरसबी आणू का? ती म्हणाली, "राहू दे आता. कार्तिकी झाली की आण."

त्या वर्षी कार्तिकी एकादशीनंतर आम्ही बाजारात जाऊन निवडून कोवळी फरसबी आणली, शिरा आम्हीच काढल्या, आणि वर ओलं खोबरं घातलं. पण पंचवीस श्रावण काही परत देता आले नाहीत. विद्वत्तेच्या तोऱ्यात, मान वर न करता दिलेल्या एका वाक्याची ती किंमत होती आणि ती आम्ही भरली नाही, तिने भरली.

म्हणून एवढंच सांगतो. कुणी तुम्हाला विचारलं, हे म्हणजेच ते का, तर उत्तर द्यायच्या आधी ती वस्तू हातात घ्या. दाणा पाहा, फूल मिळालं तर फूल पाहा, आणि ज्या पुस्तकातलं नाव आहे ते पुस्तक केव्हाचं ते विचारा. मग बोला. घाई नसते.

इथे थांबतो.